गोरक्ष, की बदली?

१२ जानेवारी १९८१, सोमवार

गोरक्ष परत आला.

सकाळी दुधाला गेले तर त्याची आई, धोंडाबाई, चौकात दिसेल त्याला धरून सांगत होती — "माझा पोरगा वरून आला. जित्ता आला!" लोक दोन पावलं मागे सरकून ऐकत होते. मीही मागेच उभी राहिले.

वरून कुणी परत येत नाही. येतो तो दुसराच असतो. दिवाळीपासून ती आभाळातून आलेली परात देवळालीच्या फायरिंगच्या मैदानावर अधांतरी लटकली आहे. परात हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण दिसते तशीच, उपडी घातलेली. तोफा डागून झाल्या, आता तोफाही गप्प आहेत. रोज तिच्यातून एक पाळणा खाली उतरतो, चांदवडकडचे कांदे भरून घेतो, आणि माणसं. पुरुष गोण्या उचलायला, बायका टोपल्यांतून निवडलेले कांदे न्यायला. या वरच्यांना कांद्याचं एवढं काय वेड आहे कळत नाही. काही दिवसांनी नेलेल्यांतले एकदोन परत येतात. चेहरा तोच, आवाज तोच, सगळ्यांची नावं पाठ. पण ते वरच्यांचे हेर. आमच्या नाशिक रोडला त्यांना 'बदली' म्हणतात. कारखान्यातला शब्द, बाबांचा. कायमचा माणूस नसला की त्याच्या जागी उभा करतात तो बदली.

गोरक्ष आमच्या चौघांतला. भिका, झुंबर, तो आणि मी. मागच्या आठवड्यात त्याला नेलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. आणि आज तो आला तर मला त्याच्या समोर जाववेना.

१३ जानेवारी

दुपारी तो माझ्या बालवाडीपाशी आला. पोरं गेली होती, मी सतरंजी झटकत होते. म्हणाला, "कशी आहेस चांगुणा?"

चांगुणा! जन्मात कधी त्याने मला पूर्ण नावाने हाक मारली नाही. आजीचं नाव मला ठेवलं म्हणून शाळेपासून "चांगू, ए चांगू" करून पिडायचा. मी चहा दिला. बिनसाखरेचा चालेल म्हणाला. चार चमचे साखर घालणारा माणूस हा. कसा सुटलास विचारलं तर म्हणे रिकाम्या बारदानात लपून उतरलो. इतकं सोपं असतं तर बाकीचे का नाही उतरले?

माझ्याकडे बघत होता. मी सतरंजीकडे बघत होते.

१४ जानेवारी, संक्रांत

झाला निकाल.

भिकाच्या खोलीवर जमलो. भिका आयटीआय झालेला, फायरिंगच्या मैदानातले न फुटलेले गोळे वेचून त्याने महिनाभर खपून एक डबा बनवला आहे. आमचा बेत साधा होता: डबा कांद्याच्या गोणीत घालायचा, झुंबरच्या टेम्पोतून पाळण्यापर्यंत न्यायचा, वर गेला की फुटेल.

गोरक्ष तिळगूळ घेऊन आला. गोड बोला वगैरे सगळं बरोबर म्हणाला. ते काय, कुणीही पाठ करील. मग खाली बसून म्हणाला, गोणीचा उपयोग नाही. गोण्या कडेच्या कोठारात पडून राहतात, तिथे फुटला तर परातीला खरचटेल फक्त. मधोमध एक विहीर आहे, पाण्याची नाही, उजेडाची. तिच्या जोरावर ती हवेत उभी आहे. डबा तिच्यात पडला पाहिजे. "म्हणजे कुणीतरी पाठीवर घेऊन तिथवर जायला हवं. वाट मला माहीत आहे. मीच नेतो."

"आणि परत कसा येशील?" झुंबरने विचारलं.

"ते बघू." मग लगेच, "डबा कुठे ठेवलाय?"

भिका म्हणाला, सांगतो एकदोन दिवसांत. गोरक्षने चप्पल घातली, दारात वळला आणि म्हणाला, "बरं. जातो."

माझ्या हातातला तिळगूळ तसाच राहिला.

त्याला वर नेलं होतं त्याच दिवसांत आम्हाला ही खूण कळली होती. शेजारच्या सुमनबाईंचा नवरा वरून आला. चार दिवस सगळं नीट. पाचव्या दिवशी कामाला निघताना म्हणाला, "जातो गं." सुमनबाई तशाच माझ्याकडे आल्या. "वीस वर्षं संसार केला," मला म्हणाल्या, "माणूस कितीही चिडलेला असो, उंबऱ्यातून 'येतो' म्हणूनच निघाला. जातो म्हणून कोण जातं गं घरातून?" बदलीला ते समजत नाही. निघालो आहोत म्हणजे जातो, इतकंच त्याला ठाऊक. आम्ही तिघांनी हे बाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणजे आपला गोरक्ष वरच राहिला. हा जो आहे तो त्याचं तोंड लावून फिरतो आहे. मला त्याची किळस आली, आणि तोंड त्याचंच म्हणून रडूही आलं.

१५ जानेवारी

दिवसभर वाद. झुंबर म्हणतो, सरळ विहिरीत लोटू, पाण्याच्या. भिका म्हणतो, "आणि तोच असला तर?" झुंबर म्हणतो, "तू कानाने ऐकलंस ना? मग?"

शेवटी मीच तोडगा काढला. डबा आत आहे म्हणून त्याला खोटी गोणी द्यायची. बदली असला तर वरच्यांना सांगणार, भिकाच्या खोलीवर धाड येणार, पण वरच्यांच्या हाती काय लागणार? विटा. खरा डबा तोवर माझ्याकडे, बालवाडीच्या खेळण्यांच्या पेटीत. दोघांना पटलं. झुंबर म्हणाला, डोकं आहे बुवा तुला. मला बरं वाटलं.

१६ जानेवारी

गोणी भरली. खाली विटा, वर कांदे. विटा फडक्यात गुंडाळल्या, हाताला डब्यासारख्या लागाव्यात म्हणून. तोंड मीच शिवलं.

१७ जानेवारी, शनिवार

घेऊन गेला. उघडूनसुद्धा बघितली नाही! भिकाला म्हणाला, तू बनवलंस म्हणजे काय बघायचं. हेराने असा विश्वास दाखवावा, कमाल आहे. पाठीवर टाकली तेव्हा जरा वाकला. झुंबरने टेम्पोत चढवून दिली.

टेम्पो हलल्यावर मागून ओरडला, "चांगू, साखर जपून वापर!"

कुणी शिकवलं असेल हे त्याला? मी हात केला नाही.

१८ जानेवारी

धाड आली नाही. आम्ही तिघे भिकाच्या खोलीसमोरच्या टपरीवर बसून वाट बघत होतो. चहावर चहा. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. झुंबर म्हणतो, डाव आहे, थांबतील आणि मग येतील. भिका मधेच म्हणाला, "धाड यायला हवी होती गं."

परात आहे तिथेच आहे. पाळणा वर गेला, खाली आला. गोरक्ष त्यात नव्हता.

१९ जानेवारी, सोमवार

धोंडाबाई आली. मला वाटलं भांडायला आली. दारातच बसली, पदराने तोंड पुसत.

"तू त्याच्या संगतीतली, म्हनून तुला इचारते. पोरगा असं का बोलला गं?"

मी विचारलं, कसं?

"निघताना पाया पडला. म्हनला, आई, जातो. म्या लय रागावले. म्हनलं, असं अभद्र बोलू नाय, येतो म्हन. लहानपनापासून शिकवलंय तुला. तर हसला. म्हनला, 'ठावं हाय आई. पन येतो म्हनलं की यावं लागतंय. तुझ्याशी खोटं नाय बोलायचं मला.'"



ती बोलतच होती. वरून आल्यापासनं त्याच्या तोंडाची चव गेली होती, गोडही लागत नव्हतं, कडूही नव्हतं. आणि म्हणायचा, त्या चांगूला आता पूर्ण नावाने हाक मारायला हवी, जरा मान द्यायला हवा, उद्या आपण असू नसू. "येईल ना गं तो?" तिने विचारलं.

तो त्या विहिरीपर्यंत पोचला असेल. आम्ही सांगितलं ते सगळं खरं धरून पोचला असेल. गोणी उसवली असेल, कांदे बाजूला केले असतील, फडकं सोडलं असेल. आत माझ्या विटा. त्याने काय म्हटलं असेल त्यावर, आमच्यापैकी कुणाचं नाव घेतलं असेल, ह्याच्या पुढे मला विचार करता येत नाही.

भिकाला सांगितलं. तो हुंदके देऊन रडला. झुंबर टेम्पोत जाऊन बसला, त्याने काच वर केली.

२० जानेवारी

डबा खेळण्यांच्या पेटीतून काढला. टोपलीत बसतो, वर कांदे पसरले की कळत नाही. विहीर मधोमध आहे, एवढं गोरक्षने सांगून ठेवलंय. झुंबर टेम्पो घेऊन कोपऱ्यावर उभा आहे.

बाबा कामावर गेले. आई आत भाकरी थापते आहे, मला थांब म्हणते, डबा घेऊन जा म्हणते. तिच्याशी मी आजवर कधी खोटं बोलले नाही.

आई, जाते.