शेवग्याचा जामीन

आई, तुमचा शेवगा यंदा धरलाय. तुम्ही लावलात तेव्हा दहिसरला आपली बैठी चाळ होती. आता तिथे सात मजली बिल्डिंग आहे आणि मी तळमजल्यावर राहते, पण शेवगा कंपाउंडच्या भिंतीशी होता तिथेच आहे. नळाच्या ओलीला अळू आहे, ग्रिलवर मायाळू चढलाय. पालेभाजी मी विकत घेत नाही. शेवग्यानं मात्र तुमचा मुलगा गेल्यापासून एक शेंग दिली नव्हती.

सून म्हणून आले त्याच वर्षीची ती सकाळ. तुम्ही पदर खोचून, कोयता घेऊन झाडापुढे उभ्या. "मेल्या, नुसतो पालो वाढवतंस! यंदा धरलंस नाय तर मुळासकट काढतलंय तुका!" खोडावर कोयत्याची उलटी बाजू दोनदा आपटता. गालाला दाढीचा साबण तसाच घेऊन हे धावत येतात आणि तुमचा हात धरतात. "ऱ्हवांदे गे आये. पुढच्या वर्सा धरतला. मी जामीन." मला हसू आवरत नाही, तर तुम्ही माझ्यावरच डोळे वटारता. "हसतंस काय गो? झाडाक एक भियवणारो लागता नि एक वाचवणारो." दरवर्षी तुम्ही धमकी द्यायचात आणि हे जामीन राहायचे. तुम्ही गेल्यावर कोयता माझ्याकडे आला. मग हेही गेले. एकटीनं दोन्हीकडून काय बोलायचं?

गेल्या वैशाखात एक फांदी मोडून कोणाच्यातरी स्कूटरवर पडली. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आला. चांगला पोरगा आहे, पण घाई फार.

"काकू, शेंग नाय, काय नाय, नुसता कचरा. परवानगी काढून तोडून टाकूया ना."

"यंदा राहू दे. पुढच्या वर्षी धरेल. मी जामीन."

"जामीन? हे काय कोर्ट आहे का, काकू?"

"होळीपर्यंत मुदत दे. नाही धरला तर मी स्वतः सांगेन, तोड."

"होळी म्हणजे होळी हां!" म्हणाला आणि हसत गेला.

शब्द दिला खरा, पण नुसत्या शब्दावर झाड धरत नाही. वाचनालयातून शेतीची पुस्तकं आणली. शेवग्याला पाणी जास्त झालं की पाला माजतो आणि फुलं गळतात, असं एकात होतं. हे गेल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी त्याच्या बुंध्याशी बादली ओतत होते. पावसाआधी माळ्याकडून झाड छातीइतकं छाटून घेतलं. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, हे तर तुम्हीच मारलंत!" मी म्हटलं, थांब. पाऊस सरल्यावर थेंबभर पाणी दिलं नाही. थंडीत झाड फुलांनी पांढरं झालं, आणि होळीला सेक्रेटरीच्या घरी शेंगांची आमटी होती. भांडं परत करताना म्हणाला, "झकास, काकू. आता हात नाय लावत कोण."

झाडाची काळजी मिटली. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून एवढं लिहिते: बादली मी अजून रोज भरते. हल्ली ती पुदिन्याच्या कुंडीत ओतते. पुदिना कुजायला लागलाय.