पहिल्या नंबरची कंपनी

मंगळवार, ४ मार्च

सात विमा कंपन्या, एक तक्ता. हप्त्यांचे शंभर आले तर दावे आणि खर्च मिळून किती गेले — एवढंच मोजायचं. दादाची कंपनी पहिली! ब्याण्णव. बाकीच्या शंभराच्या वर लटकताहेत. एजंट दादा, पण कळलं तर मालकासारखी कॉलर ताठ करून फिरेल. कळणार नाही. तपासनिसाने घरी बोलायचं नसतं.

गुरुवार, ६ मार्च

ब्याण्णव खोटे.

त्यांच्या ऑफिसात जाऊन आले. मागच्या खोलीत छतापर्यंत फायली — शेरा एकच, ‘कागदपत्रं अपुरी’. तीन हजारांवर दावे. दिलेले नाहीत, नाकारलेले नाहीत, म्हणून हिशेबातच नाहीत! एका फायलीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पाच वेळा जोडलेला. सोबतच्या अर्जातलं बाईंचं अक्षर दर वेळी जरा मोठं.

हे सगळे दावे धरले की आकडा एकशे एकतीस. गंगाजळी आटलेली.

आमच्या खात्याच्या मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. “कंपनी बंद करायचा आदेश निघेपर्यंत ब्र काढायचा नाही. बोभाटा झाला तर पहिले दहा जण पैसे काढतील, बाकीच्यांना ठेंगा.”

खरंच आहे ते.

रविवार, ९ मार्च

दादाकडे जेवायला. आई-बाबा गेल्यावर यानेच शिकवलं मला, स्वतःचं कॉलेज सोडून. “काय हिशेबनीस, तोंड का उतरलंय?” राहवलं नाही. म्हटलं, “दादा, थोडे दिवस नवीन पॉलिसी नको उतरवूस कुणाची.”

“का गं?”

“थांब म्हणते ना.”

मग नुसतं “बरं.”

नोकरी गेली तर जावो.

बुधवार, १२ मार्च

कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी हाक मारली. “काल तुमच्या दादांनी पॉलिसी करून दिली! मुलीच्या शिक्षणाचे ठेवले होते, सगळे एकदम भरले. तुम्ही विम्याच्याच खात्यात ना? मग कसली काळजी!”

मी हसले. हसले!

दादा फोन उचलत नाही. माझं बोलणं त्याला कळलंच नसेल. भोळा आहे.

शुक्रवार, २८ मार्च

आदेश निघाला. कंपनीला टाळं, पैसे गोठले. शिंपीकाका मशीनपाशी बसून होते, पाय पायट्यावर, मशीन बंद. मला पाहिलं. हाक मारली नाही.

दादाच्या काळजीने जेवण गेलं नाही. त्याचीही सगळी पुंजी तिथेच. तोंड कसं दाखवू त्याला?

रविवार, ३० मार्च

वहिनीचा फोन. “ताई, उपकार कसे फेडू तुमचे! तुम्ही थांब म्हणालात, आणि ह्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळख काढून आमचे सगळे पैसे सोडवून आणले.”

दुसऱ्या दिवशी म्हणजे सोमवारी. शिंपीकाकांची पॉलिसी मंगळवारची.