मागाखालचं पीठ

बेबीचे बाबा,

चुलीजवळच्या माचिसच्या डबीत एक किडा ठेवला आहे. आधी तो पहा, मंग जेवा. तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, खाली मुंडी घालून चालते. हातमागाखाली रोज पडणारं पिवळं पीठ ह्याचंच. पंधरा दिवस तुम्ही मले म्हणून राहिले, "झाडू मारता येत नाही काय वं?" काल तर पाहुण्यांसमोर म्हटलं.

उधई-वाळवी नाही ही. उधई मातीचं घर करते. हा छपराचे बांबू आतून खाते अन् टाचणीएवढ्या छिद्रातून भुसा खाली टाकते. बांबूले टिचकी मारून पहा, डोक्यावरच पडंल.

हिरवे बांबू महिनाभर पाण्यात बुडवा, किडा लागत नाही, असं माह्या बाबानं सांगतलं होतं. तुम्ही हसले होते.

वरण-भात झाकून ठेवला आहे. मी बेबीले घेऊन माहेरी खाप्याले जाते. बाबाले सांगून नवे बांबू कन्हान नदीमधी बुडवते. महिन्यानं ते न्याले तुम्हाले यावंच लागंल. मलेही न्यायचं असंल, तर घर झाडून या.

बेबीची आई