बाजेखालची शेगडी

१४ डिसेंबर, जानेफळ. संध्याकाळ.

पोर बाळंतपणाला माहेरी आलीये. शेक झाला, तरी शेगडी मी रीतीप्रमाणे तिच्या बाजेखालीच ठेवली. थंडी केवढी! तर म्हणते, "आई, गोधडी निखाऱ्यावर लोंबून राह्यली. शेगडी अंगणात ने, तवाच झोपीन मी."

राग आला. दहा दिवसांची आई मला शिकवते? मग त्याच गोधडीचं ठिगळ दिसलं. उंदरानं कुरतडली, असंच तिला आजवर सांगत आले. आज खरं बोलले. "तू वीस दिवसांची होती, तवा बाजेखालच्या शेगडीनंच पेटली होती हे."

तिनं बाळाला जवळ ओढलं. शेगडी मीच उचलली. अंगणात नेऊन निखाऱ्यांवर पाणी ओतलं. मला जळूनही कळलं नाही, ते माझ्या लेकीला आधीच कळतं.