बैल पाहावा तशी पाहिलेली गाडी

मु. चिंचेवाडी, ता. नेवासा
दत्तजयंतीनंतरचा सोमवार, १९७०

थोरले साडू श्रीमंत रंगनाथराव यांना धाकट्या साडूचा, म्हणजे आप्पासाहेबाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात एवढ्यासाठी, की सध्या स्टिअरिंग धरायचं काम पडत नाही. कारण पुढं येईलच.) मुक्ताआक्कांनाही तितकाच वाकून नमस्कार सांगावा. तुमच्या गुडघ्याचं दुखणं थंडीनं वर आलं असेल. एरंडाची पानं गरम करून बांधावीत, आमच्या थोरल्या बैलाला त्यानंच गुण आला. इकडं ज्वारी हुरड्यात आहे, ऊस उभा आहे आणि कारखान्याची तोड अजून आमच्या शिवाराकडं फिरकलेली नाही. बाकी सर्व क्षेम आहे, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो.

खरं पाहता वैशाखापासून आमच्या घरात क्षेम नाही. वैशाखात तुम्ही नवी कोरी गाडी घेऊन आलात, दोन दिवस राहिलात, नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या खांबाचं दर्शन घेऊन तिथूनच परस्पर पुण्याला गेलात. त्या दिवसापासून तुमच्या मेव्हणीनं, म्हणजे आमच्या विजयमालेनं, आक्कांना एक ओळ लिहिलेली नाही, आणि आक्कांचंही कार्ड नाही. पूर्वी पोस्टमन आमच्या दारात चहा प्यायल्याशिवाय पुढं जात नसे, आता तो लांबूनच मान हलवतो. विजयमाला बोलत काही नाही. भाकरी मात्र अशी थापते, की शेजारच्या वस्तीवर ऐकू जावी. मी बराच विचार केला आणि दुखणं ओळखलं. तुमच्याकडं गाडी आहे आणि आमच्याकडं जीप. दोन सख्ख्या बहिणी, एकीच्या दाराला काच आणि दुसरीच्या दाराला दारच नाही, मग कुणाला लागणार नाही? तेव्हा मनाशी ठरवलं, की या घरात मोटार आणायची आणि बहिणी-बहिणींचं पूर्ववत करायचं.

आमची जीप तुम्ही पाहिलीच आहे. लष्कराच्या लिलावातली, कणखर, फक्त आवाज मोठा. आत बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द येत नाहीत. अशी मान डोलावत मी कैक वर्षं संसार केला आणि आमच्यात कधी भांडण झालं नाही. (हा जीपचा गुण मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.)

आता गाडी पाहायची तर पारख असलेलं माणूस हवं. आमचे चुलते भिमाजीअण्णा घोडेगावच्या बाजारात बैल बघायला उभे राहिले, की व्यापारी दुसरीकडं तोंड फिरवतात. मोटारीत ते जन्मात बसले नव्हते, पण पारख ती पारख, असं त्यांचंच म्हणणं. आधी नवी गाडी बघावी म्हणून आम्ही दोघं पुण्याला येऊन गेलो. (तुमच्याकडं उतरलो नाही याचा राग नसावा. आक्कांनी कशाला आलात विचारलं असतं, आणि अण्णांना खोटं बोलता येत नाही.) त्या दुकानात काचेआड एकच गाडी उभी आणि तिच्याशेजारी गळ्याला टाय लावलेला गृहस्थ. अण्णांनी गाडीला उजवी घातली, खाली वाकून पोटाकडनं बघितलं आणि म्हणाले, हिला जरा चालवून दावा. गृहस्थ म्हणाले, ही नुसती दाखवायची आहे, हिच्यात पेट्रोल नसतं. तुम्ही नाव नोंदवा, पाळी आली की गाडी येईल. कधी येईल ते सांगता येत नाही, काही वर्षं धरून चाला. रंग जो निघेल तो. अण्णा मला म्हणाले, "आप्पा, ह्यो गाभन म्हशीचा सौदा हाय. रेडी व्हईल का रेडा, कुनी सांगावं? आन् म्हस बी दिसंना." गृहस्थांनी ते ऐकलं, आम्हाला चहा विचारला नाही.

परतताना एस्टीत मला दुसरी गोष्ट कळली, ती अशी, की जुनी गाडी नव्या गाडीहून महाग मिळते, कारण ती आज मिळते. माझा तर विश्वासच बसेना. अण्णांना मात्र त्यात काहीच नवल वाटलं नाही. न शिकवलेल्या गोऱ्ह्यापेक्षा जोताला शिकलेला बैल महाग असणारच, उलट सरकारनं हे एक तरी शेतकऱ्याच्या बुद्धीनं केलं म्हणायचं, असं ते शिरूर येईपर्यंत समजावून सांगत होते. त्यांच्या शेजारचा गृहस्थ त्यासाठी आपलं ठिकाण सोडून मागं जाऊन बसला.

तर जुनी गाडी. नगरला कापड बाजारात नूरुद्दीनभाई म्हणून आपले ओळखीचे व्यापारी आहेत (आक्कांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं सगळं कापड त्यांच्याकडचंच). त्यांचा नव्या गाडीचा नंबर एकदाचा लागला होता आणि जुनी द्यायची होती. चार दारांची, दुधाच्या सायीच्या रंगाची, घरच्यांसारखी जपलेली. त्या दिवशी विजयमालाही बरोबर होती. तिला चष्म्याची काच बदलायची होती म्हणून, गाडी पाहायला नव्हे. गाडीबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. हे वाक्य मी आत्ता लिहितो आहे, त्या दिवशी ते मला सुचलंही नव्हतं.

अण्णांनी धोतराचा सोगा खोचला आणि सुरुवात केली. पुढची जाळी बोटानं उघडायला गेले, दात मोजायला. टायरला हात घालून पाय उचल म्हणाले. पाठीवरनं शेपटाकडं हात फिरवला आणि मागं एक थाप मारली, तर मागचं झाकण उघडलं. अण्णा समाधानानं म्हणाले, अंगात रग हाय. मग डाव्या दिव्याखाली एक बारकासा पोचा त्यांना सापडला. डोळ्याखालची खूण धन्याला वाईट, असं त्यांनी भर बाजारात जाहीर केलं. नूरुद्दीनभाईंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अण्णा, आमच्या बारक्यानं क्रिकेटचा चेंडू मारलेला आहे तो." त्यावर अण्णांनी चाल बघायला मागितली. नूरुद्दीनभाई बिचारे गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेऊन परत आणत होते, आणि अण्णा उकिडवे बसून चाकांकडं डोळे लावून होते. शेवटी निकाल आला: मागचा डावा पाय टाकताना किंचित लंगडते, पण नांगराला चालेल.

नंतर किमतीचं बोलणं. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवतात, भोवतालच्यांना कळू नये म्हणून, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण नूरुद्दीनभाईंचा जन्म कापडात गेलेला. अण्णांनी गंभीर मुद्रेनं उपरण्याखाली झाकलेला हात पुढं केला. नूरुद्दीनभाईंनी तितक्याच गंभीरपणे उपरण्याचा काठ दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाले, सूत चांगलं आहे, पण धुण्यात आटेल. अण्णांना वाटलं भाव पाडतोय. त्यांनी बोटं वाढवली. नूरुद्दीनभाईंनी उपरणं उजेडाकडं धरलं. दोघंही आपापल्या धंद्यात इतके मुरलेले, की मध्ये बोलायची माझी हिंमत झाली नाही. सौदा तिथंच अडला, आणि असं ठरलं, की इमामपूरच्या घाटात चढ घेऊन बघू.

घाटाकडं निघालो तेव्हा मी चालवत होतो, माझ्याशेजारी अण्णा, मागं नूरुद्दीनभाई आणि पिशवी धरून विजयमाला. काचा बंद होत्या. जेऊर मागं पडलं आणि अण्णांना मळमळू लागलं. घाट सुरू व्हायच्या आधीच ते उतरले. चढाची चाल मागून चालत जाऊन बघतो म्हणाले, अब्रू झाकायला. आपल्या गाडीवर कुणी मागून संशयानं बघणार, हे नूरुद्दीनभाईंना सहन होईना, तेही उतरले. पुढची जागा मोकळी झाली. विजयमाला मागून उतरली आणि पुढं येऊन बसली. दार लागलं, आणि रंगनाथराव, त्या गाडीत चक्क शांतता झाली. इंजीन चालू होतं, पण माणसाचा श्वास ऐकू यावा असं. मला धडकीच भरली.

अर्ध्या घाटात ती बोलली. रस्त्याकडं बघत, हळू. "वैशाखात आक्का म्होरं बसली. मला मागं बसवलं, आन् मांडीवर लोनच्याची बरनी दिली. म्हनली, घट्ट धर, शीटचं कापड नवं हाय, त्याल सांडंल." मला हे माहीतच नव्हतं. नेवाशाला जाताना वाट दाखवायला मी जीप घेऊन तुमच्या पुढं होतो (तुमच्या नव्या गाडीवर जी धूळ बसली ती माझीच). लोणचं तिनं स्वतः घातलेलं, तुमच्यासाठी. पहिल्या उताराच्या कैऱ्यांचं, आठ दिवस खपून. आणि ते मांडीवर धरून ती पाहुण्यासारखी नेवाशापर्यंत गेली आणि माझ्याबरोबर जीपमधून परत आली. येताना काही बोललीही असेल. मी मान डोलावली असेल.

मला वाईट वाटलं, हे साडूपाशी लपवून काय करू? इतकी वर्षं मी हिला जीपमध्ये मागं बसवतो आहे, पुढं कधी सोसायटीचा चेअरमन, कधी दुधाचा कॅन. घाटमाथा आला, खाली वळणावर अण्णा हात हलवत होते, मी गाडी थांबवायला पाय उचलला तर ती म्हणाली, "आजून थोडं जाऊ द्या की." गेलो. पार घोडेगावपर्यंत गेलो, भजी खाल्ली. दोघा म्हाताऱ्यांची आठवण भजी संपल्यावर झाली. परत येऊन बघतो तर दोघं घाटातल्या दगडावर बसलेले, दोघांचे हात अण्णांच्या उपरण्याखाली. फावल्या वेळात अण्णांनी नूरुद्दीनभाईंना बोटांची भाषा शिकवली होती आणि सौदा तिथंच पुरा झाला होता. किती ठरलं ते मला दोघांच्या तोंडावरूनच समजून घ्यावं लागलं. नूरुद्दीनभाई हसत होते.

येणेप्रमाणे जीप गेली आणि गाडी दारात आली. विजयमालेनं चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. जुनी आणि नवी दोन्ही पाहिलेला माणूस म्हणून माझं मत विचाराल तर नवी गाडी ही निव्वळ आशा आहे आणि जुनी गाडी हा अनुभव आहे, आणि तुम्हाला आशा फळली म्हणून तुम्ही फार फुगू नये. आमची गाडी तुमच्या गाडीला कोणत्याही बाबतीत हार जाणार नाही. आवाज नाही, धूर नाही, आणि सध्या तर हालचालही नाही.

घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद आणि नमस्कार वाटून द्यावेत. कमी पडल्यास पुढच्या टपालानं आणखी धाडीन.

तुमचा,
आप्पासाहेब

ता. क. हालचाल नाही, त्याचं असं झालं. दत्तजयंतीच्या कीर्तनाला ऐन रंगात वीज गेली. भिमाजीअण्णा म्हणाले, एवढी दोन डोळ्यांची गाडी दारात असताना अंधार कशाला? गाडी देवळासमोर आणून दिवे लावले. बुवांना असा उजेड जन्मात मिळाला नव्हता, त्यांनी आख्यान आवरलंच नाही. पाळण्याच्या वेळी दिवे पिवळे पडले, आरतीला विझले. सकाळी गाडी बैलांनी ओढून घरी आणली. (अण्णा खूश होते. म्हणाले, जोताला लागली.) नेवाशाच्या मिस्त्रीनं बॅटरीला हात लावून हात जोडले. तेव्हा येत्या रविवारी हुरड्याला सहकुटुंब यावं आणि येताना पुण्याहून नवी बॅटरी आणावी. पत्र त्यासाठी नाही, पण आणावी.

ता. क. दुसरा, फक्त तुमच्यासाठी. आक्कांना दाखवू नये. रविवारी बॅटरी बसली, की आपण सगळे आमच्या गाडीतून देवगडला दत्ताच्या दर्शनाला जाऊ. त्या वेळी काहीही करून आक्कांना मागं बसवा. गुडघ्याचं निमित्त सांगून तुम्हीही मागंच बसा. निदान प्रवरेच्या पुलापर्यंत विजयमाला पुढं बसू दे. तिच्या मनातलं एवढंच आहे, मी ओळखलं आहे.

आक्का, हे मी विजा लिहितेय. ह्यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं, ते मी वाचलं. पुढं बसायचं मी कधीच म्हणले नव्हते. आता पुढं बसून पाहिलं. पुढून नुसता रस्ता दिसतो, आणि शेजारी हे, हूं हूं करीत. तू पुढं बसलीस त्याचा मला राग नाही. तू मागं माझ्यापाशी बसली नाहीस, त्याचा आहे. मामाच्या गावाला जाताना आपण दोघी छकड्यात मागं पाय सोडून बसायचो, आणि मामा ओरडला तरी आपलं बोलणं संपायचं नाही. मला वाटलं होतं तसंच बसू. रविवारी नक्की ये. आपण दोघी मागं बसू. नव्या लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे. हे गाडी चालवणार, तेव्हा ती दाजींच्या मांडीवर.