खंडेनवमीची धार

८ सप्टेंबर १९८५, रविवार
पहाटेची एसटी, पिंपळगाव बसवंतपर्यंत उभ्यानेच. द्राक्षं येईपर्यंत तिथल्या शीतगृहाची एक खोली रिकामी. मालक माझ्या स्केटिंगच्या सरांचा जुना विद्यार्थी, म्हणून रविवारची सकाळ आपली. राखणदार गणपतमामा आदल्या दिवशी फरशीवर नळीने पाणी मारून ठेवतात, सकाळी बर्फ. पाचव्या पावलाला भिंत येते. वळा, परत पाच.

शाळेच्या कोब्यावर चाकांचे स्केट्स घालून राज्यात पहिली येत होते. आता सव्विसाव्या वर्षी बर्फावर रांगतेय. आज पुन्हा सवयीने पायाचं टोक टेकवून थांबायला गेले. चाकांच्या स्केट्सना तिथे रबर असतं, बर्फाच्या पात्याला दाते. तोंडावर आपटले.
मामा : "लागलं का गं पोरी?"
नाही म्हटलं. हनुवटी अजून ठणकतेय.

१५ सप्टेंबर
काल दिवसभर लाइट नव्हती. खोलीत नुसतं पाणी. सर म्हणाले, "आलोच आहोत तर कोरड्यावर उड्या करू." केल्या. सर स्वतः बर्फावर कधी उभे राहिलेले नाहीत. त्यांच्याकडे एक परदेशी पुस्तक आहे, चित्रांचं. चित्र बघून सांगतात, हात असा, मान अशी. दहा वर्षं मी त्या चित्रांची शिष्या.
स्केट्स आता मामांकडेच ठेवते. एसटीच्या गर्दीत पात्यांना धक्का नको. एकच जोड, तोही सरांनी कुणा परदेशातल्या ओळखीच्याकडून मागवलेला, जुना. दुसरा कुठून आणणार.

३ ऑक्टोबर
पत्र आलं! राष्ट्रीय संघाची निवड चाचणी, शिमल्याला, जानेवारीत. उघड्यावरचं मोठं बर्फ. भिंत नाही! वय याच वर्षी बसतंय, पुढे नाही. म्हणजे हीच.
आई : "शाळेतली नोकरी नीट चाललीय ना तुझी? मग कशाला ही हाडं मोडून घ्यायची?"
भाऊंनी लेकीचं पत्र दोनदा वाचलं. मग शेजारी दाखवायला घेऊन गेले.

२७ ऑक्टोबर, रविवार
काय लिहू.
खंडेनवमीला मामांनी सगळ्या हत्यारांना धार लावली. छाटणीच्या कात्र्या, विळे, कोयता. आणि माझे स्केट्स. गेले तर पाटावर मांडलेले, पात्यांवर हळदकुंकू, वर सुकलेला झेंडू.
"लय बोथट झालं व्हतं. मधी खाच पडलेली पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. दीड तास घासलं तवा गेली."
ती खाच म्हणजेच तर सगळं. तिच्यामुळे पात्याला दोन कडा. या कडेवर झुकलं की इकडे वळतं, त्या कडेवर तिकडे. आता विळ्यासारखी एकच धार.
सर भिंतीकडे बघत उभे. मी म्हटलं, "छान झालंय मामा." दुसरं काय म्हणणार? इतके खूश होते.
बर्फावर गेले. पातं आत रुततं, सरळ जातं. वळत नाही. हातांनी भिंत धरली.

२८ ऑक्टोबर
कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. काल परतताना एसटीत मला हायसं वाटत होतं. आता जायला नको. आणि चूक माझी नाही. भाऊंच्या तोंडाकडे बघवलं नाही, त्यांना अजून सांगितलेलंच नाही. लाज वाटते. पण पाय इतके थकलेत, की...

५ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर सरांबरोबर सातपूरला, एका वर्कशॉपात. ग्राइंडरवाल्याने पाती उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "खाच पाडता येईल. एकदाच, दुसऱ्यांदा लोखंड उरणार नाही. खोल किती पाडू ते सांगा."
सर पुस्तक घेऊन आले होते. बरंच चाळलं. चित्रांत बायका उड्या मारतात, पात्याचं माप कुठेच नाही. सर म्हणाले, "मला माहीत नाही गं. तूच सांग." इतक्या वर्षांत सर असं पहिल्यांदाच बोलले.
सांगू नकोस, असं मनात एकदा आलं. तो हात पुसत थांबला होता.
डोळे मिटले. पायाखाली कसं लागायचं ते आठवत राहिले, बराच वेळ. मग अंगठ्याचं नख दाखवलं. म्हटलं, "या नखाच्या जाडीएवढी. बहुतेक."
त्याने मशीन चालू केलं.