फलाफल आणि सतरा नंबरचा फॉर्म

१८ ऑगस्ट, सोमवार

विहारात संध्याकाळी बायकांचा वर्ग घेताना मला किती बरं वाटतं. मग घरातल्याच एका बाईला शिकायचंय म्हटल्यावर माझा हात का आखडतो?

वहिनीचा दहावीचा निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला माझ्या कपाटात आहे, ओढण्यांच्या खाली. पंधरा दिवस झाले. तिला बारावीला बाहेरून बसायचंय. सतरा नंबरचा फॉर्म मोबाइलवर अर्ध्या तासात भरून होतो. मुदत ३१ पर्यंत. आज भांडी घासता घासता तिने परत विचारलं, "ताई, फॉर्मचं काय झालं?"

"साइट चालत नाही गं."

साइट चालते. सकाळीच पाहिली.

शाळेत मात्र फुशारकी मारून आले. पुण्याच्या प्रशिक्षणात खाल्लेल्या फलाफल-पिटाचं, म्हणजे पोकळ रोटीत भरलेल्या छोल्यांच्या वड्यांचं, इतकं वर्णन केलं की मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "मग रविवारी तुमच्याकडेच, पिंप्राळ्याला." हो म्हणून बसले.

२० ऑगस्ट, बुधवार

तालीम. छोले कालच भिजवले होते. कुकरला चार शिट्ट्या, मग मिक्सर. लसूण, कोथिंबीर, जिरं. गोळे दिसायला देखणे. तेलात पडल्या पडल्या सुटले. कढईत नुसता गाळ.

आई : "अवं, हे काय, तेलातलं पिठलं?"

वहिनी वाकून बघत होती. "ताई, छोले शिजवले का तुम्ही?"

न शिजवता कोण खातं, मी म्हटलं.

"पण हाई तं फुनकंच शे! फुनक्याची डाळ आपण कुठे शिजवतो? भिजवायची आणि भरड वाटायची. पाण्याचा थेंब नाही. फुनक्याचे मुटके वाफवतो, हे तळायचं."

सोनगीरची मुलगी, दहावी पास, फलाफल हा शब्द परवा ऐकलेला. दोन वाक्यांत सांगून मोकळी. मी सात व्हिडिओ पाहिले होते. परत लावून पाहिला एक. त्यातही न शिजवलेलेच छोले. तो भाग मीच पुढे ढकलला होता, त्यात काय बघायचं म्हणून.

"शे नाही, आहे," मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली. लगेच. हसून. मला जास्तच राग आला.

२३ ऑगस्ट, शनिवार

पिटा. तयार कुठे मिळाला नाही. बेकरीवाला पावच दाखवत राहिला. मैद्यात थोडी कणीक घालून घरीच. माझे दोन तव्यावर चपटे ते चपटेच. वहिनीने तिचा भाकरीसारखा उलटला, तवा बाजूला करून आचेवर धरला. टम्म. कडेने सुरी फिरवली, आत पोकळी तयार. "पापुद्रा सुटला की झालं," म्हणे.

भरायचं काम मी घेतलं. ते तरी. आत आधी तिळाची चटणी (तीळ, लसूण, दही), मग कांदा, टोमॅटो, वर फलाफल. उचलला तर बूड फाटलं. चटणी कोपरापर्यंत. तिने तळाला कोरडी पानकोबी दाबून बसवली, त्यावर फलाफल, मग काकडी-कांदा, चटणी सगळ्यात शेवटी, वरून. काही फाटलं नाही.

आईने तिचाच खाल्ला. माझा ताटाच्या कडेला. माझं तोंड बघून म्हणाली, "वाईट कशाला वाटून घेते? हिच्या हाताला चव आहे. तुझ्या हातात पेन शोभतो."

पेन. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. तेवढंच माझं आहे या घरात. आणि तिला तेच हवंय.

वाचून लाज वाटली. खोडत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

मॅडम आणि स्टाफमधल्या दोघी आल्या. कढई वहिनीकडे, ताटं माझ्याकडे. फलाफल बाहेरून कुरकुरीत, आतून हिरवागार. मॅडमनी दोन पिटा संपवले.

"कुठे शिकलात हो?"

"यूट्यूबवर," मी म्हटलं.

वहिनी दारात, हातात पाण्याचा तांब्या. तिने ऐकलं. सगळ्यांना पाणी दिलं.

मॅडमनी तिला सहज विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

मला वाटलं, आता सांगेल, हे बठ्ठं मीच केलं म्हणून. मी असते तर सांगितलंच असतं.

ती म्हणाली, "मी बारावीला बसणार आहे. ताईंनी माझा फॉर्म भरायला घेतला आहे. ताई नसत्या तर मला कोणी..." दोन्ही वेळा ‘आहे’. जपून, माझ्याकडे बघत.

"नशीब काढलंत, अशी नणंद मिळाली," मॅडम म्हणाल्या.

मी ताटं उचलायला घेतली.

त्या गेल्यावर फॉर्म भरायला हवा होता. नाही भरला. कपाट उघडलं, ओढण्या नीट लावल्या, बंद केलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

शाळेत गेल्या गेल्या मॅडमना सांगितलं, कालचं सगळं वहिनीचं होतं, छोल्यापासून पिटापर्यंत. त्या म्हणाल्या, "मग काल का नाही बोललात?"

घरी येऊन फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख दाखल्यावरून. दहावीचा निकाल समोर. मराठीत ८४. मला ७९ होते. हे आज नाही कळलं. कपाटात ठेवताना वाचलं होतं.

मोबाइल नंबर. माझा टाकला तर ओटीपी माझ्याकडेच येणार, फॉर्म आज भरला हे तिला कळणारही नाही. माझा टाकला. खोडला. तिचा टाकला.

स्वयंपाकघरात फोन वाजला. ओल्या हातात धरून ती आली.

"ताई, हाऊ कसाना नंबर शे? फॉर्मचं लिहिलंय. आजचा?"

‘शे’ला काही बोलले नाही.

"आजचाच," मी म्हटलं. "साइट रोज चालत होती वहिनी. कागद मीच ठेवून दिले होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पलंगावरच्या दाखल्याकडे, त्याला ओढणीचा धागा चिकटला होता. तो काढला. मग ओटीपीचे आकडे वाचायला लागली, एकेक. पाचव्यानंतर थांबली. मी मान वर केली नाही. तिने सहावाही सांगितला.

ती आत गेली. थोड्या वेळाने तिथूनच विचारलं, "चहा ठेवू का?"

एवढंच. ‘ताई’ नाही म्हणाली.

फॉर्म गेलाय. नंबर तिचाच आहे.